वॉटलची फुलं तिथे नव्हतीच

23 जुलै 1892 ला शनिवार होता. सिडनीच्या 'बुलेटिन' साप्ताहिकाचा त्या दिवशीचा अंक निघाला, तेव्हा त्यात एकमेकांशी न पटणारे दोन मजकूर होते. पहिला म्हणजे बॅन्जो पॅटरसनची कविता. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातलं अफाट रान, माळ, विखुरलेल्या वस्त्या या सगळ्याला तिकडे सरसकट 'बुश' म्हणतात. त्या बुशची बाजू घेऊन पॅटरसन हेन्री लॉसनला सुनावत होता, की बाबा रे, तुला रान मानवत नाही, तू आपला शहरातच बरा. दुसरा मजकूर खुद्द लॉसनचा होता, 'द ड्रोव्हर्स वाइफ' ही कथा. तिच्यात रानातली एक बाई रात्रभर एका सापाची वाट बघत बसते. बाकी फारसं काही घडत नाही.

भांडण उकरून काढलं होतं लॉसनने. 9 जुलैच्या अंकात त्याने कविता लिहून जाहीर केलं, की कवींनी वर्णन केलेला मुलूख शोधायला मी आत जाऊन आलो आणि तसला मुलूख मला कुठे भेटला नाही. भेटली ती धूळ, माश्या, आटलेले ओढे आणि खचलेली माणसं. पॅटरसनने उत्तर दिलं, मग आणखी कवी मैदानात उतरले आणि वाचकांची चांगली करमणूक झाली. खरी गंमत पॅटरसनने म्हातारपणी सांगितली. भांडण आधी ठरलेलं होतं. 'बुलेटिन' कवितेचे पैसे लांबीच्या हिशेबाने देई. तेव्हा तू माझ्यावर लिही, मी तुझ्यावर लिहितो, दोघांचंही भागेल, अशी कल्पना लॉसननेच काढली होती. पॅटरसन सिडनीतला सॉलिसिटर, त्याचं त्या पैशांवाचून काही अडत नव्हतं. लॉसन रंगारी. काम मिळेल तेव्हा घरं आणि घोडागाड्या रंगवायच्या, एरवी उधारीवर दिवस काढायचे.

ऑस्ट्रेलियन साहित्यातला वास्तववाद असा मानधनाच्या हिशेबातून, साप्ताहिकाच्या रकान्यात वाढला. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. ठरवून केलेल्या भांडणातही माणूस शब्दात सापडतोच. रान खरं कसं आहे हा सवाल एकदा छापून आला, की ते दाखवण्याची जबाबदारी सवाल टाकणाऱ्यावर येते.

त्याआधीचं रान बरंचसं लंडनसाठी लिहिलेलं होतं. हेन्री किंग्जलीच्या 1859 मधल्या 'जेफ्री हॅमलिन' या कादंबरीत खानदानी इंग्रज ऑस्ट्रेलियात येतात, मेंढरांवर पैसा करतात आणि शेवटी बहुतेक जण इंग्लंडमधल्या वाडवडिलांच्या जमिनीकडे परततात. रोल्फ बोल्डरवुडच्या 'रॉबरी अंडर आर्म्स'मध्ये दरोडेखोर आणि घोडे आहेत. वाचायला आजही मजा येते, पण त्यात भाकरीची चिंता कोणी करत नाही. 'मुक्तामाला' ही जुनी मराठी कादंबरी वाचून जशी पेशवाईनंतरच्या महाराष्ट्राची काही कल्पना येत नाही, त्यातलीच गत.

इकडे खरं रान भलत्याच गोष्टींनी भरत होतं. 1861 च्या कायद्याने न्यू साउथ वेल्समध्ये कोणालाही सरकारी जमिनीचा तुकडा निवडून, एकरी एक पौंड दराने, चौथाई रक्कम आधी भरून घेता येऊ लागला. मोठे मेंढपाळ जमीनदार नदीकाठची चांगली जमीन आधीच दाबून बसले होते. निवडून घेणाऱ्याच्या, म्हणजे 'सिलेक्टर'च्या वाट्याला बहुधा खडक आणि झाडांचे बुंधे आले. दुष्काळ पडला की नवरा मेंढरांची लोकर कातरायला किंवा दुसऱ्याची गुरं शेकडो मैल हाकत न्यायला घराबाहेर पडे, आणि बायको-पोरं त्या तुकड्यावर मागे राहत. 1890 च्या दशकात यात भर पडली ती जहाजांवरच्या आणि लोकर कातरणाऱ्यांच्या संपांची, आणि 1893 मध्ये पटापट दारं लावून घेतलेल्या बँकांची.

या माणसांपर्यंत पोचणारा कागद म्हणजे 'बुलेटिन'. जे. एफ. आर्चिबाल्ड आणि जॉन हेन्स या दोन पत्रकारांनी 31 जानेवारी 1880 ला तो काढला. दोनच वर्षांत दोघांना तुरुंगाची हवा खावी लागली. अब्रूनुकसानीच्या दाव्यात दंड झाला होता अवघा एक फार्दिंग, पण कोर्टाचा खर्च भरायला खिशात पैसे नव्हते. आर्चिबाल्ड हे बेणं विलक्षण होतं. बापाने ठेवलेलं नाव जॉन फेल्टम. फ्रेंचांच्या प्रेमापायी त्याने ते ज्यूल्स फ्रान्स्वा करून घेतलं. सगळ्या देशाने मिळून हे साप्ताहिक लिहावं, अशी त्याची जिद्द होती. मेंढरं कातरणारे, गाडीवान, खाणकामगार, गावोगावचे मास्तर यांच्याकडून तो मजकूर मागवी, छापला की पैसे देई, आणि सगळ्यांना एकच ताकीद देई: आटवा. चार पानांचं दोन पानांवर आणा, दोनाचं एकावर. अंक रानात हातोहात फिरत, चुलीवर धुरकटत, शेवटच्या पानापर्यंत वाचले जात. लोक त्याला रानातल्या माणसाचं बायबल म्हणू लागले.

आपल्याकडे 1890 मध्ये पुण्यात हरिभाऊ आपट्यांचं 'करमणूक' निघालं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यात क्रमशः येऊ लागलं. त्या कादंबरीतल्या यमूच्या घराचा उंबरठा आणि रानातली लाकडी झोपडी यांच्यात हजारो मैलांचं अंतर. पण दोन्हीकडे वास्तव आलं ते स्वस्त साप्ताहिकाच्या पायरीवरून, हे विसरून चालत नाही.

अमेरिकेचा यात वाटा होता, आणि तो सरळ होता. 1849 चं कॅलिफोर्नियाचं सोनं आणि 1851 चं न्यू साउथ वेल्स-व्हिक्टोरियाचं सोनं यांनी पॅसिफिकच्या दोन काठांवरची माणसं इकडून तिकडे नेली, आणि त्यांच्यामागून वर्तमानपत्रं आणि गोष्टीही गेल्या. ब्रेट हार्टच्या खाणवस्तीवरच्या कथा 1868 पासून गाजत होत्या. स्वतः लॉसन सोन्याच्या वस्तीत, ग्रेनफेल इथे 17 जून 1867 रोजी जन्मलेला. बाप नील्स लार्सन, जहाज सोडून सोनं शोधायला आलेला नॉर्वेचा खलाशी. हार्ट त्याने पोरवयात वाचला, आणि पुढे समीक्षक त्याला हार्टच्याच शेजारी बसवू लागले. मार्क ट्वेन तर 1895 च्या सप्टेंबरात व्याख्यानं देत सिडनीला प्रत्यक्षच आला. कर्ज फेडण्यासाठी काढलेला तो जगाचा दौरा होता. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आटोपून तो 1896 च्या जानेवारीत मुंबईत उतरला आणि वॉटसन हॉटेलात राहिला. अमेरिकन वास्तववादाचं तत्त्वज्ञान मांडलं ते विल्यम डीन हॉवेल्सने, बॉस्टनच्या व्यापाऱ्यावर 'सायलस लॅफम' लिहून आणि 'हार्पर्स'मध्ये महिन्याच्या महिन्याला रोमँटिक कादंबऱ्यांची हजेरी घेऊन. त्या दिवाणखान्यातल्या वास्तववादाचा सिडनीत फारसा उपयोग नव्हता. तिथे कामाला आला तो हार्ट-ट्वेनचा वर्तमानपत्री, बोलभाषेतला, तिरकस सूर. हार्टचा एक दोष मात्र लॉसनला लवकरच टाकावा लागला: शेवटच्या परिच्छेदात त्याचे दांडगे खाणकामगार हटकून हळवे होतात.

आता 'द ड्रोव्हर्स वाइफ'कडे. नवरा मेंढरं हाकत गेलेला, सहा महिने त्याची काही खबर नाही. सर्वांत जवळचं घर एकोणीस मैलांवर. संध्याकाळी पोरं ओरडतात, साप! साप घराच्या फळ्यांखाली शिरतो. बाई पोरांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर झोपवते, कारण तिथे जमीन मातीची आहे आणि फळ्यांच्या फटींतून साप यायची भीती नाही. मग ती दांडकं, मेणबत्ती आणि शिवणकाम घेऊन, ॲलिगेटर नावाच्या कुत्र्यासोबत रात्रभर पहारा देते. त्या रात्रीत तिला जुन्या गोष्टी आठवतात. नवऱ्याची पँट चढवून विझवलेला वणवा. पुरात फुटलेला बांध. घोड्यावर मेलेलं मूल घेऊन केलेली मैलोन्‌मैलांची रपेट. आणि दर रविवारी ती काय करते, तर स्वतः नटते, पोरांना नीट कपडे घालते आणि बाबागाडी ढकलत रानातल्या पायवाटेने फिरून येते, जणू शहरातल्या रस्त्याने चालली आहे. वाटेत भेटणारं कोणी नसतं. लॉसनचं सगळं कसब मला या बाबागाडीत दिसतं. दुःख हा शब्द न उच्चारता त्याने वर्षानुवर्षांचा एकटेपणा एका रविवारच्या फेरीत बसवला.

ही बाई त्याला कुठे भेटली, हे शोधायला लांब जायला नको. त्याची आई लुइझा मडजीजवळच्या युरंडेरीत अशाच तुकड्यावर राबली होती, नवरा बहुतेक वेळ कामापायी बाहेर. 1883 मध्ये ती सगळं सोडून पोरांसह सिडनीला आली आणि 1888 मध्ये तिने 'द डॉन' हे बायकांचं मासिक काढलं. खिळे जुळवायलाही बायकाच ठेवल्या, म्हणून छापखान्यातल्या पुरुष कामगारांच्या संघटनेने तिच्याशी उभा दावा मांडला. ती बधली नाही. आणि लेकाच्या कथेच्या तीन वर्षं आधी, 1889 मध्ये, तिने ऑस्ट्रेलियन रानातल्या बाईवर एक निबंध लिहिला होता. तो छापला बॉस्टनच्या एका बायकांच्या पत्राने. सिडनीतल्या रानप्रेमी पुरुषांना कथा दिसली, तेव्हा अमेरिकेतल्या बायकांचा मूळ मजकूर वाचून झाला होता. लॉसनच्या यशाच्या गोष्टीत आईचा हा लेख क्वचितच येतो.

आर्चिबाल्डला वेगळीच धास्ती होती. लॉसन दारूत बुडत चालला होता आणि रानाबद्दलची त्याची शिदोरी बालपणीची होती. 1892 च्या सप्टेंबरात त्याने लॉसनच्या हातावर पाच पौंड आणि बर्कपर्यंतचं रेल्वेचं तिकीट ठेवलं. बर्क म्हणजे डार्लिंग नदीवरचं शेवटचं स्टेशन. रूळ तिथे संपत. तिथे त्याने रंगकाम केलं, तूरालच्या शेडमध्ये मेंढरं कातरणाऱ्यांच्या हाताखाली पडेल ते काम केलं, आणि भर उन्हाळ्यात पाठीवर वळकटी टाकून हंगरफोर्ड गाठलं. क्वीन्सलंडच्या सीमेवरचं हे गाव, अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त, रस्त्यात पाणी जेमतेम. सोबतीला जिम गॉर्डन नावाचा तरुण. हंगरफोर्डमध्ये दोन वसाहतींच्या मधोमध सशांना अडवणारं कुंपण होतं, आणि लॉसनने लिहून ठेवलंय, की ससे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना होते. कान त्याचे चौदाव्या वर्षापासून जवळपास गेलेले. दारूच्या गुत्त्यात, छावणीत तो माणसांच्या तोंडाकडे बघत बसे. त्याच्या कथांतलं बोलणं इतकं तुटक, इतकं नेमकं का, याचं मला सुचणारं कारण हेच. ज्याला कष्टाने ऐकावं लागतं, तो फापटपसारा ठेवत नाही.

त्या एका फेरीवर तो उरलेला जन्म जगला, असं म्हटलं तरी चालेल. त्यातून आलेली 1893 मधली 'द युनियन बरीज इट्स डेड' ही कथा म्हणजे या सगळ्या चळवळीचा कळस. एक तरुण नदीच्या फाट्यात घोडे पोहत नेताना बुडतो. गावात त्याला कोणी ओळखत नाही. पण त्याच्या सामानात युनियनचं कार्ड सापडतं, म्हणून युनियनवाले त्याची अंत्ययात्रा काढतात. दोन-तृतीयांशाहून जास्त जण गुत्त्यातच अडकतात. मयत आणि मागे चाललेले यांचा पंथ वेगळा, त्याचं काही नाही. कोणीतरी पाद्रीबाबाच्या डोक्यावर उन्हासाठी हॅट धरून उभा राहतो, आणि त्या हॅटचीच कथाकाराला जास्त पंचाईत वाटते. पेटीवर ढेकळं पडतात. मग लॉसन जे करतो ते त्या काळात कोणी केलं नव्हतं. अशा गोष्टीत ठरल्याप्रमाणे काय काय हवं होतं आणि मी काय गाळलं, याची तो यादीच देतो. थडग्यावर वॉटलच्या पिवळ्या फुलांची डहाळी टाकलेली मी दाखवली नाही, कारण ती तिथे नव्हती. मान खाली घालून रडणारा म्हातारा मित्र दाखवला नाही. तो आलाच नव्हता. डोळ्यांतल्या पाण्याचं म्हणाल, तर तिथे एकच पाणी होतं, उकाड्याने आलेला घाम. ब्रेट हार्टच्या 'टेनेसीज पार्टनर'मध्ये अशीच एक अंत्ययात्रा आहे आणि तिथे हे सगळं आहे. लॉसनने गुरूचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. मेलेल्याचं नाव शेवटी कळतं, आणि तेही त्याचं खरं नाव नव्हे असं निघतं.

1896 मध्ये अँगस अँड रॉबर्टसनने 'व्हाइल द बिली बॉइल्स' हा त्याचा कथासंग्रह काढला. त्याच वर्षी ए. जी. स्टीफन्सने 'बुलेटिन'च्या कव्हराच्या आतल्या बाजूला 'रेड पेज' हे साहित्याचं पान सुरू केलं, आणि दहा वर्षं तिथून त्याने सगळ्या देशाच्या लेखकांना कधी कुरवाळलं, कधी सोललं. त्याच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकांची नुसती नावं घेतली तरी काळ कळतो. स्टील रडचं 1899 चं 'ऑन अवर सिलेक्शन': लेखक ब्रिस्बेनमधला सरकारी कारकून, पण बापाच्या तुकड्यावर वाढलेला. चहा संपल्यावर त्याच्या पुस्तकातला बाप पावाची कापटी निखाऱ्यावर कोळसा होईतो भाजतो, तिच्यावर उकळतं पाणी ओततो आणि चव झकास आहे म्हणून ठासून सांगतो. वाचक खो-खो हसत, कारण अनेकांनी ते पाणी प्यालेलं होतं. जोसेफ फर्फीची 'सच इज लाइफ' अवघड कादंबरी आहे. दुष्काळात बैलगाड्यांचा धंदा बुडालेला हा गाडीवान शेपरटनला भावाच्या फाउंड्रीत कामाला लागला, रात्री लिहीत बसला आणि 1897 मध्ये भलंमोठं हस्तलिखित 'बुलेटिन'कडे धाडलं. काटछाट होऊन ते 1903 मध्ये छापलं गेलं, आणि विकलं गेलं नाही. त्यात फर्फीने किंग्जलीच्या खानदानी नायकांची यथेच्छ टर उडवली आहे.

पण या मंडळींच्या वास्तवालाही एक कुंपण होतं, आणि ते दाखवून दिलं बार्बरा बेंटनने.

ती 1857 मध्ये स्कोन गावी एका सुताराच्या घरी जन्मली. पहिला नवरा तिला आणि तीन पोरांना टाकून घरातल्याच कामवाल्या मुलीबरोबर निघून गेला. ती सिडनीला आली, 1890 मध्ये तिचा घटस्फोट पक्का झाला आणि दुसऱ्याच दिवशी तिने सत्तर वर्षांच्या डॉक्टर थॉमस बेंटनशी लग्न केलं. नोंदीत स्वतःला विधवा लिहून. पुढे ती आपला बाप बंगालच्या घोडदळातला कॅप्टन असल्याचं सांगू लागली. आपल्याबद्दल अशा रोमँटिक बाता मारणाऱ्या या बाईने कथेत एक वाक्य खोटं लिहिलं नाही, हे मला तिचं सगळ्यात मोठं नवल वाटतं.

तिची पहिली महत्त्वाची कथा 1896 च्या डिसेंबरात 'द ट्रॅम्प' या नावाने 'बुलेटिन'मध्ये आली. वरवर पाहता ही 'द ड्रोव्हर्स वाइफ'च. तीच एकटी झोपडी, नवरा बाहेर, कडेवर मूल. फक्त इथे साप नाही. दिवसा एक भटका येऊन घराकडे नीट बघून गेला आहे, आणि रात्री तो परत येऊन भिंतीच्या फळ्या चाचपतो. लॉसनच्या कथेतही एक भटका दारात येतो, पण कुत्रा आणि दांडकं बघून काढता पाय घेतो. बेंटनच्या कथेत तो जात नाही. घोड्याच्या टापा ऐकून बाई मुलाला कवटाळून बाहेर धावते, घोडेस्वाराला हाका मारते; तो पुढे निघून जातो, आणि बाई मारली जाते. घोडेस्वार थांबला का नाही? मूळ कथेत याचा सबंध एक भाग होता. पांढऱ्या कपड्यातली बाई, हातात मूल: त्या भाविक माणसाला ती कुमारी मेरीचं दर्शन वाटली. तो धन्य होऊन गेला. 'बुलेटिन'ने नेमका हा भाग कापला. खून छापायला त्यांची ना नव्हती. बाईला देवी मानणाऱ्याला समोरची बाई दिसत नाही, हे मात्र त्यांच्या पानावर आलं नाही.

सिडनीत तिच्या संग्रहाला प्रकाशक मिळाला नाही. 1902 मध्ये लंडनच्या डकवर्थने एडवर्ड गार्नेटच्या शिफारशीवरून 'बुश स्टडीज' काढला. त्यात ही कथा 'द चोझन व्हेसल' म्हणून पूर्ण आली. सहाच कथा. 'स्क्वीकर्स मेट'मधली लाकडं तोडणारी बाई ऐतखाऊ नवऱ्याच्या वाटचं काम करता करता झाड अंगावर पडून कायमची अंथरुणाला खिळते, आणि नवरा तिच्यादेखत दुसरी घरात आणतो. लॉसनच्या जगात माणसाला माणूस धरून असतो, ते त्याचं 'मेटशिप'. बेंटनच्या जगात इमान फक्त कुत्र्याकडे. स्टीफन्सचं मन मोठं म्हणायचं: हे पुस्तक कुठल्याही भाषेतल्या वास्तववादी लेखनाच्या पंक्तीत बसेल, असं त्यानेच 'रेड पेज'वर लिहिलं. तरी मधली अनेक वर्षं ते बाजारात नव्हतं. 1965 मध्ये ते नव्याने छापलं गेलं, तेव्हा कुठे वाचकांच्या हाती आलं.

दुसरं कुंपण रंगाचं होतं, आणि ते 'बुलेटिन'ने लपवलंही नव्हतं. ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी, हे वाक्य त्याच्या माथ्यावर अनेक दशकं छापलेलं असे. 1960 च्या सुमारास डॉनल्ड हॉर्न या संपादकाने ते काढलं. लॉसन बर्कला होता तेव्हा त्या गावातला माल उंटांवरून पुढे जाई. उंटवाल्यांना सरसकट अफगाण म्हणत. त्यांची पहिली मोठी तुकडी 1865 च्या अखेरीस कराचीहून पोर्ट ऑगस्टाला उतरली होती, आणि कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती. त्यांच्याशिवाय डार्लिंगपलीकडच्या वस्त्यांना पीठ आणि चहा मिळता ना. 'बुलेटिन'च्या व्यंगचित्रांत ते आणि चिनी येत ते घाणेरड्या रूपात. नेमकेपणाचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या पत्राला त्यांचा एक चेहरा धड काढता आला नाही. मूळ रहिवाशांचं तर बोलायलाच नको. 'द ड्रोव्हर्स वाइफ'मध्ये एक आदिवासी थोड्याशा मोबदल्यावर लाकडं रचून जातो, पण ढीग आतून पोकळ रचतो. साप त्या ढिगात दिसतो. तो माणूस कथेत येतो तो या पोकळ ढिगापुरताच.

लॉसन 2 सप्टेंबर 1922 ला गेला. पोटगी थकवल्याबद्दल आणि दारूपायी डार्लिंगहर्स्टच्या तुरुंगाच्या वाऱ्या केलेल्या या माणसाला सरकारी इतमामाने निरोप मिळाला, आणि 1966 मध्ये तो दहा डॉलरच्या नोटेवर चढला. 1993 पासून त्याच किमतीच्या नोटेवर पॅटरसन आहे. दोघांच्या भांडणाचा हिशेब असा सरकारी छापखान्यात पुरा झाला. 'बुलेटिन' 2008 मध्ये बंद पडलं.

कथा मात्र पुन्हा लिहिली गेली. लिया पर्सेल या आदिवासी वंशाच्या नटी-लेखिकेला लहानपणी तिची आई ही गोष्ट वाचून दाखवी. 2016 मध्ये तिने सिडनीच्या बेल्व्हॉर रंगमंचावर 'द ड्रोव्हर्स वाइफ'चं नाटक आणलं, 2021 मध्ये चित्रपट काढला, आणि दोन्हींत त्या बाईची भूमिका स्वतः केली. लॉसनने बाईला नाव दिलं नव्हतं. पर्सेलच्या कथेत ती मॉली जॉन्सन आहे. लाकडं रचून जाणाऱ्या माणसाच्या जागी यडाका नावाचा फरारी आदिवासी आहे, त्याला भरपूर बोलायचं आहे, आणि मॉलीला सापापेक्षा घरातल्या आणि वाटेवरच्या पुरुषांची भीती जास्त आहे.